पुण्याहून जुन्नर–नाणेघाट एका दिवसात: बसची सहल घ्यावी की स्थानिक मार्गदर्शक?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस माझी आत्या आणि आतोबा इंदूरहून आमच्याकडे राहायला येत आहेत. दोघांनीही पासष्टी ओलांडली आहे. सपाटीवर दोघे व्यवस्थित चालतात, मात्र आत्याच्या गुडघ्यांमुळे चढउतार बेताने करावा लागतो. लोणावळा आणि महाबळेश्वर त्यांचे पूर्वीच पाहून झाले आहे. आतोबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे या वेळी त्यांना जुन्नरकडे न्यावे असे मनात आहे.

पुण्यातील एका सहल संस्थेचे पत्रक माझ्यासमोर आहे. सकाळी सात वाजता बस निघणार, मग ओझर, लेण्याद्री, शिवनेरी, दुपारचे जेवण, द्राक्षबागेला भेट, नाणेघाटात सूर्यास्त आणि रात्री नऊपर्यंत पुण्यात परत, असा कार्यक्रम आहे आणि सोबत मार्गदर्शक आहे. ही सहल घ्यावी, की गाडी ठरवून आपले आपण जावे आणि तिकडचाच कोणी माहीतगार सोबत घ्यावा, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे.

कुकडीकाठ

आपण दिलेला कार्यक्रम वाचून पहिला प्रश्न पडला तो द्राक्षबागेचा. आमच्याकडे द्राक्षाची गोड्या बहराची छाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि माल हाती येतो तो जानेवारीपासून पुढे. त्यामुळे सप्टेंबरअखेर आपल्या पाहुण्यांना बागेत मांडव, पाने आणि फार तर छाटलेल्या काड्या दिसतील. फेब्रुवारीतला कार्यक्रम बारा महिने तसाच छापून ठेवलेला असावा, असे दिसते. ज्याला हंगाम ठाऊक नाही, त्याच्या बाकीच्या माहितीवर किती विसंबायचे ते आपण ठरवावे.

दुसरी गोष्ट वेळेची. सात वाजता पुणे सोडणारी बस चाकणच्या कोंडीत नेमकी कारखान्यांची पाळी बदलण्याच्या वेळी अडकते. पुण्याहून जुन्नर पंच्याण्णव किलोमीटरच्या आसपास आहे, आणि जुन्नरपासून नाणेघाट आणखी तीसेक किलोमीटर. या दुसऱ्या टप्प्याचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा असल्याने त्याला तासभर सहज लागतो. ओझर, लेण्याद्री आणि शिवनेरी उरकून सूर्यास्ताला नाणेघाट गाठायचा म्हटले, तर प्रत्येक ठिकाणी माणसे मोजून बसमध्ये भरण्यातच दिवस जातो. शिवाय त्या दिवसांत सायंकाळी घाटमाथ्यावर धुके उतरले की सूर्य तर राहोच, समोरचा कडासुद्धा दिसत नाही.

माझा सल्ला असा की, पहाटे साडेपाचला घर सोडावे, नारायणगावात चहा-नाश्ता करावा आणि जुन्नरमध्ये स्थानिक मार्गदर्शकाला गाडीत बसवून घ्यावे. जुन्नरमध्येच, ही गोष्ट मी मुद्दाम सांगत आहे. बहुतेक लोक मार्गदर्शकाला थेट नाणेघाटात भेटायला बोलावतात आणि वाटेतला तासभर गाडीत गाणी ऐकत घालवतात. पण या सहलीचा गाभा जुन्नर ते नाणेघाटाजवळचे घाटघर गाव या रस्त्यातच आहे. कोकणातील बंदरांवरून आलेला माल कल्याणमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात असे, आणि आपण आज साधारण त्याच वाटेने, फक्त उलट दिशेने जात असतो. हडसर, चावंड आणि जीवधन हे किल्ले याच वाटेवर नजर ठेवून उभे आहेत. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत, तीही या व्यापाराच्या पैशावर उभी राहिली; तेथील दानलेखांत धान्यविक्रेत्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे, म्हणजे व्यावसायिक संघांचे, उल्लेख आहेत, तसेच यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांची नावेही आहेत. हे सारे खिडकीतून एकेक डोंगर दाखवत सांगणारा माणूस गाडीत असेल, तरच त्या तासाचे चीज होते.

निसर्गही याच टप्प्यात पालटतो. मंचर-नारायणगाव भागात ऊस, कांदा आणि टोमॅटो दिसतो. जुन्नर मागे पडले की आपटाळ्याच्या पुढे भाताची खाचरे सुरू होतात. माणिकडोह धरणाचा फुगवटा बराच वेळ रस्त्याची सोबत करतो आणि चावंडचा कातळ समोर येतो. पावसाचे मान इतक्या थोड्या अंतरात इतके बदलते की नारायणगावचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा घाटघरला छत्री उलटी होत असते. सप्टेंबरअखेर भात पोटरीत किंवा निसवलेला असतो, बांधांवर आणि पठारांवर सोनकी फुललेली असते आणि पाऊस बराचसा ओसरलेला असतो. वाटेतील हिरड्याची झाडे ओळखून घ्यावीत. पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करून विकण्यातून रोख उत्पन्न मिळते. मार्गदर्शक त्याच गावांतला असेल तर हे त्याला विचारावेही लागत नाही.

पूर गावाजवळ कुकडेश्वराचे जुने, कोरीवकाम असलेले शिवमंदिर आहे. कुकडी नदीचा उगम याच परिसरात आहे. तेथे अर्धा तास निवांत बसावे. घाईच्या सहलींत हे ठिकाण नेमके गाळलेले असते.

एकला भटक्या

वरील प्रतिसादातील वेळापत्रकाशी मी सहमत आहे, मात्र मार्गदर्शकाची आवश्यकता मला पटत नाही. रस्ता एकच आहे, फलक लावलेले आहेत आणि आपले आतोबा इतिहासाचेच शिक्षक आहेत. मार्गदर्शक म्हणून मिरवणाऱ्या काहींकडून मी नाणेघाटातील दगडी रांजण रोज संध्याकाळपर्यंत नाण्यांनी काठोकाठ भरत असे, अशा ठाम थाटाच्या कथा ऐकल्या आहेत. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो हे खरे, परंतु त्यात रोज किती नाणी पडत हे कोणी मोजून ठेवलेले नाही. असली रंजक माहिती पैसे मोजून ऐकण्यापेक्षा घरी चार पुस्तके वाचून जाणे अधिक श्रेयस्कर, आणि बोलणारे कोणी नसले की घाटात वाराही नीट ऐकू येतो.

लेणीवाचक

एकला भटक्या यांचा आक्षेप चुकीच्या मार्गदर्शकाला लागू पडतो, मार्गदर्शनाला नाही. कुकडेश्वर पाहून आपण स्वतःच परत येऊ शकता, परंतु नाणेघाटाची गुहा वाचून दाखवणारे कोणी नसेल तर ती केवळ पावसात आडोसा देणारी एक खोली वाटते, आणि दुर्दैवाने बहुसंख्य पर्यटक तिचा वापर तेवढ्यापुरताच करतात.

गुहेच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील दीर्घ लेख आहे. हा लेख सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो आणि तो सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये या लेखाची नोंद केली, आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे त्याचे वाचन मार्गी लागले. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) जंत्री आहे. आतोबांना विशेष दाखवावी अशी गोष्ट म्हणजे त्यातील आकडे. १७०० आणि २४,४०० यांसारख्या संख्या तेथे अंकचिन्हांत कोरलेल्या आहेत, आणि भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला त्यामुळेच मोठे स्थान आहे. कुठली खूण हजाराची आणि तिला जोडलेली कुठली, हे एकदा बोटाने दाखवले गेले की डोळा आपोआप पुढचे आकडे शोधू लागतो.

मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वर नावे आहेत: ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’, मग देवी नायनिका (म्हणजेच वरची नागनिका) आणि राजा सिरि सातकनि, पुढे कुमारांची नावे आणि त्यांतच एका महारठीचे, म्हणजे बड्या सरदाराचे, नाव. अंधुक उजेडात ही अक्षरे सहज सुटून जातात. सकाळी जावे आणि सोबत विजेरी ठेवावी. तिरपा प्रकाश टाकला की खोदकाम उठून दिसते. ओल्या हाताने भिंत चाचपू नये आणि अक्षरांवर पाणी टाकून छायाचित्रे घेऊ नयेत, एवढी विनंती मी सर्वांनाच करतो.

मार्गदर्शक निवडताना त्याला फोनवर एकच प्रश्न विचारावा: मागच्या भिंतीवरची नावे आपण वाचून दाखवाल का? जो उत्तरादाखल रांजणाची गोष्ट सुरू करेल, त्याला नमस्कार करावा आणि दुसरा शोधावा.

कोथरूडकर

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बसच्या सहलीचा विचार आम्ही सोडला आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. शिवनेरी वगळला तर आतोबांना वाईट वाटेल. तो त्याच दिवशी बसवता येईल का? आणि गुहेपर्यंत आत्याला उतरता येईल का?

कुकडीकाठ

शिवनेरीवर शिवजन्मस्थानाची इमारत, शिवाई देवीचे मंदिर, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव आणि कडेलोटाचे टोक पाहायचे म्हटले तर सात दरवाजे ओलांडून वर जाण्या-येण्यासह तीन तास हवेत. नाणेघाटाच्या जोडीला तो घेतलात तर दोन्ही ठिकाणी घड्याळाकडे पाहावे लागेल. माझ्या मते दुपारी शिवनेरी किंवा लेण्याद्री यांपैकी एकच निवडावे. लेण्याद्रीला पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, परंतु तेथे डोलीची सोय मिळते, त्यामुळे आत्यांसाठी ते सोपे पडेल. तेथील गणपतीचे मंदिर मुळात एक बौद्ध विहार असून शेजारीच चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, आहे, तेव्हा आतोबांचीही निराशा होणार नाही. शिवनेरीचे दर्शन जुन्नरमधून सकाळ-संध्याकाळ घडतेच. तरीही आतोबांचा जीव शिवनेरीतच असेल, तर नाणेघाट पुढच्या भेटीसाठी राखावा, पण दोन्हीची ओढाताण करू नये.

गुहेविषयी सांगायचे तर, गाडी पठारावर थांबते आणि तेथून दगडी नळीतून थोडेच अंतर खाली उतरायचे असते. अंतराचे काही वाटत नाही, मात्र दगड उंचसखल आहेत आणि पावसाळ्यानंतर शेवाळ धरून असतात. काठी आणि पकड असलेली पादत्राणे घेऊन, एकाने पुढे व एकाने मागे राहून उतरवल्यास त्यांना जमावे. पाऊस पडत असेल तर आग्रह धरू नये. त्यांनी वरच रांजणाजवळ बसायचे ठरवले, तरी डावीकडे जीवधन, उजवीकडे नानाचा अंगठा हा सुळका आणि खाली कोकण पाहता येते. फक्त कड्याच्या धारेपासून दूर बसावे, वारा अचानक जोर धरतो.

घाटघरची लेक

काही व्यावहारिक गोष्टी सांगते. आपटाळ्यानंतर मोबाइलला रेंज भरवशाची नसते, म्हणून जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. मासवडी अवश्य मागावी. नावावरून आत्या बिचकतील, पण ती बेसनाची असते आणि आत तीळ-खोबऱ्याचे सारण असते. ती आयत्या वेळी होत नाही, म्हणून आधी सांगणे गरजेचे आहे. सोबत बाजरीची भाकरी किंवा आमच्याकडचा नव्या-जुन्या तांदळाचा भात मिळेल.

शक्यतो शनिवार-रविवार टाळावा. आठवड्याच्या मधल्या दिवशी पठारावर गाड्या मोजक्याच असतात. पाऊस लांबला असेल तर निघण्यापूर्वी प्रवेशावर प्रशासनाचे काही निर्बंध आहेत का, याची चौकशी मार्गदर्शकाकडेच करावी. गावातल्या माणसाला ते आधी कळते. परतताना दिवस मावळण्याआधी जुन्नर ओलांडलेले बरे. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर नित्याचा आहे, त्यामुळे अंधारात रस्त्याकडेला गाडी थांबवून खाली उतरू नये. आणि कचऱ्याची पिशवी आपल्याबरोबर पुण्याला परत न्यावी, वर ती टाकायला जागा नाही.