पोरांनाच विचारा की

"आईवडिलांना विचारलं की मुलांचं सगळं कळतं, सर्व्हेत पोरांना वेगळं काय विचारायचं?" असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या एखाद्या विडीकामगार आईला विचारा, पोरगी काम करते का? "छे, शाळेत जाते की!" म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. त्याच पोरीला दिवसभराचं चित्र काढायला सांगा. शाळेनंतर आईशेजारी बसून पानं कातरणं त्यात अलगद येईल. म्हणून तर संशोधक चित्रं, वस्तीचे नकाशे, मुलांनीच काढलेले फोटो वापरतात. पालकांची संमती हवीच, पण पोराचा होकारही हवा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं १२वं कलम मुलांचं मत ऐका असंच सांगतं. आणि याच पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरीसमोर पुस्तकी मराठीतली प्रश्नावली वाचली, तर ती नुसती मान डोलावणार.