तासगावच्या बेदाण्यातलं सल्फाइट आमच्याच गावातल्या पोटांत किती जातं, हे काढायचं कसं?

द्राक्षबागेतली

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली. घरची चार एकर द्राक्षं, त्यातला निम्मा माल दरवर्षी बेदाण्याला जातो. सध्या अन्नविज्ञानात एम.एस्सी. करतेय आणि प्रबंधाचा विषय हट्टानं मागून घेतलाय: आमच्या गावातली माणसं रोजच्या खाण्यातून किती सल्फाइट घेतात. सल्फाइट म्हणजे बेदाणा पिवळा दिसावा म्हणून देतात त्या गंधकाच्या धुरीतून मालात उरणारा, गुळा-साखरेतही सापडणारा गंधकाचा अंश.

हट्टाचं कारण घरातच आहे. माझा भाचा चार वर्षांचा, वजन १५ किलो, आणि त्याला दम्याचा त्रास आहे. रक्त वाढावं म्हणून आई त्याला रोज सकाळी बेदाणे भिजवून द्यायची. पिवळेधमक, कारण पोरगं हिरव्याला हात लावत नाही. मागच्या थंडीत एकदा त्यानं डब्यातले कोरडेच मूठभर खाल्ले आणि अर्ध्या तासात छाती घरघरायला लागली. बेदाण्यानंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की पिवळे बेदाणे, वाइन किंवा बाटलीतलं सरबत असं काही पोटात गेलंय का. आमच्या घराला पन्नास वर्षं द्राक्षाची ओळख, आणि हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता.

मला जेवढं माहीत आहे ते सांगते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीनं सल्फाइटची रोजची स्वीकार्य मर्यादा १९७० च्या दशकापासून शरीराच्या दर किलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅम धरली आहे, सल्फर डायऑक्साइडच्या हिशोबात. म्हणजे भाच्याला दिवसाला साडेदहा मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ४२. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात धुरी दिलेल्या बेदाण्याला किलोमागे १५०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. मी आईच्या हातानं भाच्याच्या वाटीत बेदाणे घालून घेतले आणि सोनाराच्या काट्यावर ठेवले. वीस बेदाणे, १० ग्रॅम. वरच्या टोकाचा माल असेल तर १५ मिलिग्रॅम एवढ्यातच झाले.

माझे मार्गदर्शक म्हणतात, सोपं करा. जिल्ह्यात वर्षाला खपणारा बेदाणा, गूळ आणि साखर घ्या, लोकसंख्येनं भागा (२०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाख २२ हजार), ३६५ नं भागा, कायद्यातल्या मर्यादेनं गुणा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही. इथला बेदाणा देशभर जातो, त्यामुळे इथं 'खपतो' किती हे कुणाच्या वहीत मिळायचं? आणि भागाकारात माझा भाचा कुठं दिसणार? हाती आठ महिने आहेत. प्रयोगशाळेत तीसेक नमुन्यांची सोय आहे, आणि गावातली साठ घरं दार उघडतील. काय करू?

निवृत्त रसायनज्ञ, सातारा

पोरी, प्रश्न चांगला मांडलास. तुझे मार्गदर्शक सांगतात ती रीत चुकीची नाही. ती पहिली चाळणी आहे. लोक तिथंच थांबतात, चूक तिथं होते.

अशा हिशोबाला पायऱ्या असतात. सगळ्यात ढोबळ पायरी कागदावरच होते. माणूस दर किलो वजनामागे दिवसाला फार तर २५ ग्रॅम घन अन्न खाईल असं धर. त्यातला चौथा हिस्सा तो पदार्थ घातलेला आहे असं धर, म्हणजे सव्वासहा ग्रॅम. आता ०.७ मिलिग्रॅमची मर्यादा त्या सव्वासहा ग्रॅमवर पसर. किलोमागे ११२ मिलिग्रॅम येतात. पेयं मी सोडून दिली आहेत. त्या चौथ्या हिश्श्यात सरासरीनं याच्या आत सल्फाइट असतं, तर पुढं जायची गरज नव्हती. बेदाण्याला मुभा १५०० ची आहे. म्हणजे सल्फाइट या चाळणीतून सुटत नाही, खरं मोजमाप करावं लागेल. हे अर्धं पान प्रबंधात पहिल्यांदा घाल, विषय का घेतलास याचं उत्तर त्यातच आलं.

आता मोजमाप. मोनिएर-विल्यम्सची रीत तुला शिकवलीच असेल: आम्ल घालून उकळायचं, नायट्रोजनच्या झोतानं वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये न्यायचा, तिथं त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, ते कॉस्टिक सोड्यानं मोजायचं. या रीतीला लसूण-कांद्याचं वावडं आहे. त्यांच्यातला नैसर्गिक गंधकही ती सल्फाइट म्हणून दाखवते. सांगलीचं भडंग किंवा लसणाची चटणी नमुन्यात घेतलीस तर आकडा येईल आणि तू उगाच घाबरशील. शिवाय किलोमागे १० मिलिग्रॅमच्या खाली या रीतीवर भरवसा ठेवता येत नाही. असे नमुने 'सापडलं नाही' म्हणून शून्य धरू नकोस. एकदा शून्य धरून बेरीज कर, एकदा पूर्ण १० धरून कर, आणि दोन्ही बेरजा छाप. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे.

आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. सल्फाइट टिकून राहत नाही. साठवणीत उडतं, भिजवलं की पाण्यात उतरतं, उकळलं की वाफेबरोबर जातं. गूळ आणि साधी पांढरी साखर, दोन्हींना आपल्याकडे ७० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण ती ढेपेतली आणि पोत्यातली. चहात उकळल्यावर काय उरतं ते वेगळं मोजावं लागतं. म्हणून नमुना ताटातला घ्यायचा. बेदाणे भिजवलेले, पाणी फेकलं की प्यायलं याची नोंद करून. चहा कपातला.

भाच्याबद्दल एवढंच सांगतो, की ०.७ चा आकडा दम्याच्या पेशंटसाठी काढलेला नाही. तो प्राण्यांना दीर्घकाळ खाऊ घालून काढलेला, रोज आयुष्यभर खाण्याचा आकडा आहे. दम्यातली प्रतिक्रिया एका घासावरही येऊ शकते. ती दोन्ही खाती मिसळू नकोस. आणि तो आकडाही आता तितका पक्का राहिलेला नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये तो तात्पुरता ठरवला आणि २०२२ मध्ये माहिती अपुरी म्हणून मागेच घेतला.

शेडवाला, कवठेमहांकाळ

ताई, आमची बेदाण्याची शेड आहे, वीस वर्षं झाली. प्रयोगशाळेतलं मला कळत नाही, पण माल कळतो म्हणून लिहितो.

नुसत्या शेडवरच्या नमुन्यावर जाऊ नका. द्राक्षं आली की आम्ही डिपिंग ऑइल (लवकर सुकावीत म्हणून वापरायचं तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर पसरतो. सुकायला पंधरा दिवस, ऊन कमी असलं की जास्त. मळणी करून, मणी निवडून झाले की मग गंधकाची धुरी. पिवळा करायचा तर जास्त वेळ, हिरव्यालाही कमी-जास्त देतात. धुरीच्या खोलीतून काढलेला माल आणि कोल्ड स्टोरेजला सहा महिने राहून सौद्याला निघालेला माल यांचा वासच वेगळा येतो. ताज्या मालाच्या बॉक्सात नाक घातलं तर डोळ्यात पाणी येतं. दिवाळीला उघडलेल्या बॉक्सात तसं होत नाही. बॉक्समध्येसुद्धा वरचा थर आणि तळचा थर सारखा नसतो. १५ किलोचा बॉक्स पूर्ण ताडपत्रीवर ओता, हातानं कालवा, मग चार कोपऱ्यांतून मूठ मूठ घ्या.

दुसरं असं की, आमच्या घरात काय खातात ते तुमच्या मोजणीत कुठंच येणार नाही. बायका रॅकवरून धुरीच्या आधीचाच माल काढून डब्यात भरतात, तपकिरी असतो पण चवीला चांगला. गड्यांच्या घरी निवडणीत बाजूला पडलेला बारीक, डागी मणी जातो. पिवळा पहिल्या नंबरचा इथला माणूस विकत घेतो तो लग्नकार्याला, नाहीतर बाळंतिणीला न्यायला. म्हणजे गाव एक, पण तीन तऱ्हेचे बेदाणे तीन तऱ्हेची माणसं खातात. घरोघर नुसतं 'बेदाणे खाता का' असं विचाराल तर सगळी हो म्हणतील. 'कुठला' ते विचारा. तिन्ही रंगांचे चार चार दाणे काचेच्या बाटलीत घालून सोबत न्या आणि दाखवा.

धुरी बंद करा असं सांगायला बरेच येतात. बाजारात पिवळ्याला भाव आहे तोवर शेतकरी ती देणारच. पण कुणाच्या पोटात किती जातं ते कुणी मोजून सांगितलं तर मला ऐकायचं आहे. माझी नातवंडंही खातात.

पाहणीताई, कऱ्हाड

मी आहार-पाहणीचं काम बारा वर्षं केलं, सातारा आणि सांगली दोन्हीकडे. शेडवाल्या दादांचं बाटलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आम्हीही मापाच्या वाट्या-चमचे सोबत नेतो. 'थोडेसे' म्हणजे किती ते घरागणिक बदलतं.

सरकारी आकडे वापरायचा मोह होईल. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत सुकामेवा, गूळ, साखर सगळं आहे. पण त्यात एकक घर असतं. पाव किलो बेदाणे घरात आले एवढं कळतं. ते आजीनं खाल्ले, पोरानं खाल्ले की शिऱ्यात पडून पाहुण्यांनी खाल्ले, हे कळत नाही. हिशोबात पाच माणसांत पाव किलो सारखे वाटले, की एकट्या पोरानं सगळे खाल्ले असले तरी त्याच्या नावावर पाचवाच हिस्सा पडतो.

साठ घरं पुरतील, फक्त रीत दुहेरी ठेवा. गूळ, साखर, चहा रोजचे आहेत, त्यांना 'काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लं' असं विचारा, लागून नसलेल्या दोन दिवशी, त्यातला एक बाजाराचा दिवस असू द्या. बेदाणा रोजचा नाही, तो अशा विचारण्यात निसटतो. त्याला महिन्यातून किती वेळा आणि एका वेळी किती, असं वेगळं विचारा. संक्रांतीच्या आसपास गेलात तर तिळगुळामुळे गुळाचा आकडा फुगेल, श्रावणात गेलात तर उपासाचं खाणं येईल. शक्य असेल तर दोन हंगामांत जा. आणि लहान मुलांचं बापाला विचारू नका. जी भरवते तिला विचारा.

गुळाचाही रंग विचारा. आमच्याकडे गुऱ्हाळावर भेंडीच्या पाण्यानं मळी काढतात तो गूळ काळसर येतो. पिवळट हवा म्हणून हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट) पावडर मारतात, त्यात सल्फाइट उरतं.

सरासरीचं तुम्हाला मांडता येत नाही म्हणालात ना? असं मांडा. तुमच्या भाच्याएवढी शंभर मुलं धरा. दहा जण रोज १० ग्रॅम पिवळे बेदाणे खातात, वरच्या टोकाचे, प्रत्येकी १५ मिलिग्रॅम. नव्वद जण खातच नाहीत. सरासरी दीड मिलिग्रॅम. मर्यादा साडेदहाची. अहवालात 'सुरक्षित' लिहिलं जातं, आणि ती दहा पोरं रोज मर्यादेच्या जवळजवळ दीडपट खात असतात. म्हणून खाणाऱ्यांचा हिशोब वेगळा लावायचा आणि त्यातल्याही वरच्या पाच टक्क्यांकडे बघायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी रंगांच्या बाबतीत हेच केलं होतं, २००४ मध्ये छापून आलं. मुलांचं रंगीत खाणं विचारलं, तेच पदार्थ तपासले, आणि टार्ट्राझिन, सनसेट यलो, एरिथ्रोसिन यांच्या बाबतीत काही मुलं मर्यादेच्या वर निघाली.

द्राक्षबागेतली

काका, दादा, ताई, तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळं दोनदा वाचलं आणि आराखडा पुन्हा लिहिला.

तीस नमुने असे वाटतेय. बेदाण्याचे अठरा, तीन रंग, ताजे आणि सहा महिने ठेवलेले, प्रत्येकी तीन. बाकी बारा गूळ, साखर आणि कपातला चहा. भडंग काढून टाकलं. घरं साठच, पण तीन गटांत: बागायतदार, शेडवर कामाला जाणारी, आणि विकत घेऊन खाणारी. हे तीन गट मला सुचलेच नसते. मी स्वतः पहिल्या गटातली, त्यामुळे सगळं गाव आमच्यासारखंच खातं असं धरून बसले होते. मार्गदर्शकांना ताईंचा शंभर मुलांचा हिशोब दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, भागाकार परिशिष्टात टाका.

आज सकाळी आईसमोर बसून वीस पिवळे दाणे रात्रभर भिजवलेल्या पाण्यासकट एका बाटलीत भरले आणि वीस कोरडे दुसऱ्या बाटलीत. इतके दिवस आई ते पाणीही त्याला पाजायची, 'सत्त्व उतरतं' म्हणून. हे मी लिहून घेतलं नसतं तर आकडा निम्मा चुकला असता. भाच्याला आता रॅकवरचे तपकिरी देतो. नाक मुरडतो, पण खातो.

दादा, एक विनंती. या हंगामात एकाच लॉटचा धुरी दिलेला एक बॉक्स माझ्यासाठी बाजूला ठेवाल का? निम्मा आत्ता नेईन, निम्मा कोल्ड स्टोरेजला राहू दे, आश्विनात येऊन नेईन. पैसे देणार.

शेडवाला, कवठेमहांकाळ

ठेवतो. पैशाचं बघू नंतर. मंगळवारी धुरी आहे, सकाळी सातच्या आत या म्हणजे खोली उघडताना हजर असाल. तोंडाला ओला रुमाल बांधून या. आणि धुरीच्या आधीचाही एक किलो काढून ठेवतो, तो मोजल्याशिवाय धुरीनं किती वाढलं ते कसं कळणार?