जुनी गाडी चढावर तापते आणि सिग्नलला थरथरते : हेड उतरवण्याआधी काय तपासावे?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरून

नमस्कार. वडिलांची २००५ सालची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची लहान गाडी आता मी वापरतो. तिचे १ लाख १२ हजार किलोमीटर झाले आहेत. पंधरा वर्षांनंतरचे पासिंगही रीतसर करून घेतले आहे, त्यामुळे ती आणखी काही वर्षे नीट चालावी अशी मनापासून इच्छा आहे.

गेल्या दोन महिन्यांपासून साताऱ्याकडे जाताना नवले पुलापासून नव्या कात्रज बोगद्यापर्यंतच्या चढावर तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकू लागतो, आणि एसी बंद करून वेग कमी केला की हळूहळू खाली येतो. शहरातल्या गर्दीत मात्र काटा जागेवर असतो. दुसरी तक्रार अशी की सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर गाडी अर्धा मिनिट तीनच सिलिंडरवर चालल्यासारखी मिसिंग करते, आणि दिवसभर सिग्नलला उभी असताना आरपीएम खाली-वर होऊन स्टिअरिंग थरथरते. कूलंटच्या बाटलीत दर पंधरवड्याला अर्धा लिटर पाणी घालावे लागते, पण पार्किंगमध्ये गाडीखाली थेंबही दिसत नाही.

एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकला. दुसऱ्या ठिकाणी काहीही न तपासता ‘हेड गॅस्केट गेले आहे, हेड उतरवावे लागेल’ असे सांगितले, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण (हेड) काढून त्याखालची सील करणारी पट्टी (गॅस्केट) बदलायची. एवढा खर्च करण्याआधी खात्री कशी करून घ्यावी?

उत्तर १ : हडपसरहून

आपण प्रथम रेडिएटरचा पंखा आणि त्याचा रिले पाहावा. माझ्या जुन्या गाडीत रिलेचे टोक जळाल्यामुळे पंखा मध्येच बंद पडत असे. शिवाय थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) स्वच्छ करून स्पार्क प्लग बदलले की आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतले इंजिनाचे चालणे, बहुधा सुधारते.

उत्तर २ : भोसरीहून, २६ वर्षे इंजिनाचे काम करणारा

पंख्याचा मुद्दा योग्य आहे, परंतु या गाडीच्या लक्षणांशी तो जुळत नाही. पंखा निकामी असता तर गाडी गर्दीत तापली असती, कारण तेथे समोरून वारा मिळत नाही. आपली गाडी गर्दीत शांत राहते आणि चढावर तापते. याचा अर्थ, इंजिनावर भार आला की निर्माण होणारी उष्णता रेडिएटरला बाहेर टाकता येत नाही, किंवा सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत आहे. थर्मोस्टॅट काढल्यावरही काटा चढतो, म्हणजे दोष त्याचा नव्हताच. तो परत बसवून घ्या. त्याच्याविना इंजिनाला योग्य तापमानावर यायला फार वेळ लागतो, तोवर ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजिन थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल देत राहतो, आणि त्यामुळेही आयडलिंग बिघडते.

सकाळच्या मिसिंगकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. गरम गाडी बंद केल्यावर पाण्याच्या मार्गात दाब बराच वेळ टिकून राहतो. गॅस्केटला बारीक वाट पडली असेल, तर त्या दाबाने रात्रभर थेंब-थेंब पाणी एखाद्या सिलिंडरमध्ये उतरते, आणि सकाळी ते जळून जाईपर्यंत तो सिलिंडर पेटत नाही. जमिनीवर थेंब नसताना अर्धा लिटर पाणी कुठे जाते, याचेही उत्तर त्यातच असू शकते.

पण अंदाजावर हेड उतरवू नये. इंजिन पूर्ण थंड असताना चारही प्लग काढून क्रमाने कागदावर ठेवा. तीन प्लग तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात आहे असे समजावे. त्यानंतर ब्लॉक टेस्ट, म्हणजे पाण्यात जळका वायू शिरतो का याची चाचणी, करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरून आतली हवा त्यातून ओढतात. जळका वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. द्रावणात कूलंट ओढले जाऊ नये म्हणून आधी रेडिएटरमधली पातळी थोडी कमी करावी लागते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर एवढ्यावरून घाबरू नका, पावसाळ्यात रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही धरतो. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी थेट तोंडावर येते. असे भाजलेले लोक मी पाहिले आहेत.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. गॅस्केट गेलेच असेल, तर ते का गेले हे शोधल्याशिवाय नवे बसवू नका. रेडिएटर चोंदलेला तसाच राहिला, तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

उत्तर ३ : बिबवेवाडीहून

रेडिएटरच्या झाकणाचीही तपासणी व्हावी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. ०.९ बारचे झाकण दाब धरून ठेवते, म्हणून रेडिएटरमधले साधे पाणी ११८ अंशांपर्यंत तग धरते, आणि कूलंट मिसळल्यास त्याहूनही अधिक. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की हा सगळा आधार जातो. आपण बाटलीत पाणी कोणते घालता? बोअरचे असेल तर त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात.

प्रश्नकर्त्याकडून

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पाणी सोसायटीच्या बोअरचेच होते. प्लग काढले तेव्हा तिसरा प्लग खरोखरच नव्यासारखा पांढराशुभ्र निघाला, आणि ब्लॉक टेस्टचे द्रावण माझ्या डोळ्यांदेखत दोन मिनिटांत पिवळे झाले. तेव्हा मी हेड उतरवण्यास संमती दिली. मशीन शॉपमध्ये हेडवर सरळ पट्टी ठेवली, तर मध्यभागी ०.१५ मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आरपार गेली, म्हणजे हेड तेवढे वाकले होते. या इंजिनाला मर्यादा ०.०५ ची आहे. हेडला फेसिंग करून, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करून घेतले. रेडिएटर उतरवून उलटा केला तेव्हा त्यातून चुन्यासारखे पापुद्रे पडले आणि खालच्या नळ्यांपैकी निम्म्या बंद होत्या, म्हणून नाना पेठेतून नवा रेडिएटर, झाकण आणि थर्मोस्टॅट आणले. आता निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर भरले आहे.

परवा चार माणसे बसवून, एसी सुरू ठेवून बोगद्यापर्यंत गेलो. काटा अर्ध्याच्या खालीच राहिला. बाटलीतली पातळी खुणेवरून हललेली नाही आणि सकाळचे मिसिंग पूर्ण थांबले आहे. सिग्नलला एसी लावल्यावर किंचित थरथर उरली आहे. इंजिनाच्या उजव्या माउंटिंगचे रबर फाटलेले दिसले, ते पुढच्या आठवड्यात बदलणार आहे. भोसरीच्या काकांनी नीट समजावून सांगितले नसते, तर चोंदलेल्या रेडिएटरवरच नवे गॅस्केट बसले असते. त्यांचा मी ऋणी आहे.