करडं ऐन पावसात होतात, बोकड कधी सोडावा?

२८ उस्मानाबादी शेळ्या आहेत, बोकड वर्षभर कळपातच. यंदा जुलैत ९ करडं गेली, गोठ्यात नुसता चिखल. काय करू?

> दादा आधी बोकड वेगळा बांधा! शेळी पाच महिने गाभण, जानेवारी-फेब्रुवारीत लागली तर पावसात विणारच की. मेच्या मध्यापासून ४५ दिवस सोडा, माजाच्या दोन पाळ्या सापडतात, करडं दिवाळीच्या आसपास.

>> पण मेमध्ये रानात असतं काय, हडकलेली शेळी माजावर येत नाही. तीन आठवडे आधीपासून रोज शेळीमागे पाव किलो मक्याचा भरडा द्या, बाभळीच्या शेंगा पण चालतात, आमच्या तर शेंग पडल्याचा आवाज आला की कान टवकारतात 😄

बोकड घरचाच आहे, चालेल?

> नको, लेकींनाच लागेल. दर दोन वर्षांनी बदला. अन् पावसाळ्यात दव सुकल्यावरच चरायला सोडा, जंत होतात.