लपवण्यासारखं काही नसलं तरी दाराला कडी असतेच

कडीकोयंडा: "ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला घरातल्या कॅमेऱ्याची भीती कशाला?" हे काल इथे या चर्चागटावर वाचलं आणि राहवेना. न्हाणीघराला कडी लावतो तेव्हा आपण आत गुन्हा करत असतो का? २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीवर ठपका ठेवला. रिंगच्याच एका कर्मचाऱ्याने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधलं चित्रण कित्येक महिने पाहिलं होतं. पगारी माणूस होता तो, हॅकर नव्हे.

जुना तारवाला: यंत्राला कशाला शिव्या? २०१६ चं मिराय आठवा, इंटरनेटला जोडलेली उपकरणं ताब्यात घेणारं ते व्हायरससारखं सॉफ्टवेअर. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी तसेच ठेवले, म्हणून कॅमेरे आणि डीव्हीआर (चित्रण साठवणाऱ्या पेट्या) त्याच्या तावडीत सापडले. पासवर्ड बदला, टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) लावा, कॅमेऱ्यांना गेस्ट वायफायवर, म्हणजे घरच्या वायफायपासून वेगळ्या जोडणीवर ठेवा. एवढंही होत नसेल तर घेऊ नका.

कडीकोयंडा: म्हणजे पुन्हा ग्राहकाचीच चूक! काही उपकरणांत तो पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच पक्का बसवलेला होता, बदलणार कसा? ब्रिटनने २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड देण्यावर कायद्याने बंदी घातली ती उगाच नाही.

जुना तारवाला: फर्मवेअरचं मान्य. बाकीचं नाही.

माजघर: तुम्ही हॅकर आणि कंपन्यांवर भांडा. आमच्याकडे कॅमेरा लावला मुलानेच, मी पडले तर कळावं म्हणून. परवा शेजारीण तासभर बसून रडली. संध्याकाळी त्याचा फोन, "आई, काकूंना काय झालं?" तेव्हापासून आम्ही दोघी जिन्यात उभ्याने बोलतो. पासवर्ड चांगला अवघड आहे हो, पण तो त्याच्याकडे आहे.

जुना तारवाला: काळजी घेतली तर ती हेरगिरी? माझे वडील मध्यरात्री पडले, मोबाइलवर कॅमेऱ्याची सूचना आली म्हणून मी धावलो. नाहीतर सकाळपर्यंत फरशीवर पडून राहिले असते. मी तो काढणार नाही, कुणी काहीही म्हणा.

कडीकोयंडा: त्यांना विचारून लावला होतात?

जुना तारवाला: नाही विचारलं! आणि माझ्या घरातली उलटतपासणी तुम्ही कोण घेणार?

माजघर: चिडू नका. तुम्ही धावलात ते चांगलंच केलंत. मला फक्त माझ्या हाताला येईल असं बंद करायचं बटण हवंय.

जुना तारवाला: लेन्सवर सरकवायचं झाकण असलेले मिळतात. पण झाकणाने आवाज थांबेलच असं नाही, माइक वेगळा बंद करावा लागतो. वडिलांच्या खोलीतला आज करतो. कॅमेरा राहील.