मदत हवी आहे: समुपदेशनाच्या प्रतीक्षायादीसाठी एआय वापरतोय, पण रांग चुकतेय

काजवा
आमच्या समुपदेशन केंद्राकडे शहरभरातून अर्ज येतात. समुपदेशक मोजके, त्यामुळे यादी लांबतच जाते. म्हणून चॅटबॉट बसवला. तो प्रश्न विचारतो आणि कुणाला आधी बोलवायचं ते ठरवतो. पण ज्यांना आधी बोलवायला हवं तेच मागे राहताहेत. प्रॉम्प्ट (बॉटला दिलेल्या सूचना) बदलला, मॉडेलही बदललं, काही फरक नाही. कोणतं मॉडेल घेऊ? लवकर सांगा. 'एआय नकोच' हा सल्ला नको. लोकांना रोज 'अजून थांबा' आम्हाला सांगावं लागतं.

तळटीप
प्रश्नावली कोणती? रांग कशावर लागते? माणसं मागे राहिली हे कळलं कसं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसतं मॉडेलचं नाव सांगून काय होणार?

सांजवेळ
मला झोप येत नव्हती तेव्हा श्वासाच्या व्यायामांचं एक अ‍ॅप फार उपयोगी पडलं. रोज ठरलेल्या वेळी करायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. नाव हवं असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवा.

रानजाई
मुळात रांग हवीच कशाला? बॉटलाच बोलू द्या की. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या थेराबॉट या मानसोपचाराच्या चॅटबॉटची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण २१० जण होते, बॉट वापरणाऱ्या नैराश्यग्रस्तांची लक्षणं सरासरी निम्म्याने घटली. माणूस मिळेपर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तळटीप
रानजाई, त्या चाचणीत संशोधक संभाषणांवर लक्ष ठेवून होते आणि गरज पडली तर मध्ये पडत होते. ते सोडून फक्त आकडा सांगू नका. खाण्याच्या विकारांसाठीच्या मदतीचा टेसा हा अमेरिकेतला बॉट २०२३ मध्ये बंद करावा लागला, कारण तो वजन कमी करण्याचे सल्ले देत होता.

रानजाई
एक बॉट बिघडला म्हणून सगळे वाईट? माणसंही चुकीचे सल्ले देतात. मी स्वतः बॉटशी बोलून एक वाईट काळ काढलाय, त्या वेळी फोन उचलणारं कुणी नव्हतं.

काजवा
वाद नंतर घाला. प्रश्नावली अर्थातच पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची नऊ प्रश्नांची. एकूण गुण जास्त तो आधी. एका अर्जदाराचे सहाच गुण होते, म्हणून तो 'सौम्य' गटात गेला. समुपदेशकाने सहज अर्ज उघडला तर नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असं उत्तर होतं.

रात्रपाळी
मग यात मॉडेलचा संबंधच नाही. बेरजेवर रांग लावलीत की असंच होणार. पीएचक्यू-९ मध्ये प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाच ते नऊ म्हणजे सौम्य. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ३ आणि बाकी तीन प्रश्नांना एकेक, झाले सहा! नवव्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज न बघता तो अर्ज त्याच क्षणी माणसापुढे गेला पाहिजे. हा साध्या कोडमधला एका ओळीचा नियम आहे. तो प्रॉम्प्टमध्ये लिहून मॉडेलच्या मर्जीवर सोडू नका.
मी हेल्पलाइनवर काम करते, म्हणून विचारते: रात्री दोन वाजता असा अर्ज आला तर तो कोण बघतं?

काजवा
समुपदेशक सकाळी आल्यावर यादी उघडतात.

रात्रपाळी
हे रांगेपेक्षा गंभीर आहे. शहरात एकटं राहणारे पुष्कळ, शेजाऱ्यालाही पत्ता नसतो. अर्जदाराने मनातलं खरं सांगितलं आणि समोरून 'धन्यवाद, आम्ही संपर्क करू' एवढंच आलं, तर तो पुन्हा सांगेल का? रात्री बघणारं कुणी नसेल तर फॉर्म उघडतानाच तसं स्पष्ट लिहा, आणि नवव्याला होकार आला की चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर लगेच दाखवा. जवळच्या माणसाचा नंबर सुरुवातीलाच, संमतीने घ्या.

तळटीप
+१. अवांतर: ही उत्तरं बाहेरच्या सर्व्हरवर जातात का? अर्जदाराला ते सांगितलंय का?

काजवा
जातात. सांगितलेलं नाही, संमतीचा मजकूर आज घालतो. नवव्या प्रश्नाचा नियमही लावतो. पण होकार देणारे बरेच आहेत, सगळ्यांना त्याच दिवशी भेट देणं शक्य नाही. मग एआयचा उपयोग काय?

रात्रपाळी
त्याच दिवशी भेट नाही, फोन. विचार फक्त येऊन जातो की बेत ठरलाय, साधन हाताशी आहे का, हे प्रशिक्षित माणसाने विचारायचं. विचार आणि बेत यांबद्दल विचारायला कोलंबिया ही आत्महत्येच्या धोक्याची प्रश्नावली आहे. एआयला 'आणखी काही सांगायचंय का' हा रकाना वाचायला द्या. गुण कमी पण मजकूर काळजीचा असेल तर त्याने अर्ज वर ढकलावा. खाली ढकलायची मुभा त्याला देऊ नका.

रानजाई
हे मात्र पटलं. फोन येईपर्यंतच्या मधल्या वेळेत बॉटने बोलावं असं मला अजूनही वाटतं.

काजवा
रात्रीच्या फोनसाठी स्वयंसेवक शोधतोय. त्यांना किती प्रशिक्षण द्यावं लागेल?