कुत्रा मान तिरकी करतो म्हणजे त्याला शब्द न् शब्द कळतो?

रामबागकर: इंदूरच्या मराठी मंडळींत काल एक पोस्ट फिरत होती. "कुत्रा मान तिरकी करून बघतो तेव्हा त्याला तुमचा शब्द न् शब्द कळत असतो. हे निखळ प्रेम आहे. शंका घेणाऱ्याला काळीजच नाही." राग आला म्हणून सविस्तर लिहितोय. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे नीट तपासलं. ४० कुत्रे घेतले. त्यातले ७ खेळण्यांची नावं पटापट शिकणारे, बाकीचे ३३ आपल्या घरातल्यासारखे. मालकाने खेळण्याचं नाव घेऊन 'आण' म्हटलं की त्या सात जणांनी ४३ टक्के वेळा मान कलवली. बाकीच्यांनी फक्त २ टक्के. म्हणजे ओळखीचा शब्द आठवण्याशी, कान देण्याशी याचा संबंध दिसतो. प्रेमाचं माप कुणी काढलेलं नाही. आणि शब्द न् शब्द तर मुळीच नाही.

मोतीची आई: दादा, टक्के तुमच्यापाशीच ठेवा. यांची ड्यूटी पिथमपूरला. परत येताना फोन करतात, तेव्हा मी फक्त "निघालात का?" एवढंच विचारते. मोती लगेच मान डावीकडे टाकतो आणि फाटकाशी जाऊन बसतो. पट्ट्याला हात लावलेला नसतो, ताटली वाजलेली नसते. याला कळणं नाही तर काय म्हणायचं?

रामबागकर: ताई, "निघालात का" कळलं, मान्य. त्या शब्दांनंतर साहेब घरी येतात हे त्याने जोडलंय. पण त्याच सुरात "निजलात का" म्हणून बघा, तरी तो फाटकाशी जाईल.

मोतीची आई: माझ्या मुक्या जिवाची परीक्षा घेणारे तुम्ही कोण?

महूवाले काका: जरा शांत व्हा दोघं. नाकाचाही विचार करा. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने ५८२ मालकांना विचारलं होतं. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या ७१ टक्के मालकांनी सांगितलं की आमचा मान कलवतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्यांत ५२ टक्के. त्याचं म्हणणं, लांब थुथनामुळे आपल्या चेहऱ्याचा खालचा भाग, म्हणजे ओठ, झाकला जातो, म्हणून कुत्रा मान कलवून बघतो. पण चपट्या तोंडाचेही निम्म्याहून जास्त मान कलवतातच, तेव्हा सगळा भार नाकावर टाकता येत नाही. शिवाय मान कलली की आपण "अगं बाई, किती गोड" म्हणून बिस्किट देतो. दोन-चार बिस्किटांत कुत्रा शिकतो.

सुदामानगरकर: घरच्या कुत्र्यांचे लाड वाचून झाले असतील तर रस्त्यावरच्यांचंही बोला. आमच्या गल्लीत एक ताई रोज रात्री दूध-पोळी ठेवतात. ती मंडळीही मान तिरकी करून बघतात, आणि पहाटे दूधवाल्याच्या सायकलमागे धावतात. यालाही प्रेम म्हणायचं का?

रात्रपाळी: अगदी खरं. मी रात्री उशिरा बाइकवरून परततो. कोपऱ्यावर टोळी बसलेली असते. एकदा पोटरी फोडली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली, मग इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स. पहिलं इंजेक्शन घेताना शेजारची बाई म्हणते, तुम्हीच काहीतरी केलं असेल! भिया, मी गाडीवर होतो.

दूध-पोळीवाली: ती ताई मीच. पूर्वी चौकाचौकात कचरापेट्या होत्या, या जिवांचं पोट त्यावर भरायचं. शहर स्वच्छतेत पहिलं आलं, पेट्या गेल्या, दारोदार गाडी सुरू झाली. चांगलंच झालं. पण त्यांनी खायचं कुठे, हे कुणी विचारलं? मी खाऊ घालते त्यांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे. पोट भरलेला आणि माणसाला ओळखणारा कुत्राच पुढच्या वेळी पकडता येतो, दरवर्षीची रेबीजची लस देता येते. उपाशी ठेवलात तर तो हाताला लागणार नाही.

सुदामानगरकर: मग खायला तुमच्या दारात घाला, माझ्या का? २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, खाऊ घालायचं ते ठरवून दिलेल्या जागी, वाटेल तिथे रस्त्यावर नाही.

दूध-पोळीवाली: आणि नसबंदी-लसीकरण करून कुत्रा होता तिथेच परत सोडायचा, हे त्याच आदेशात आहे, ते का गाळलंत? रेबीजचे आणि चावरे सोडून. जागा ठरवायचं काम २०२३ च्या नियमांनी रहिवासी संघटनेकडे दिलंय. आपल्या संघटनेच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा तुम्ही उठून गेलात.

सुदामानगरकर: उठून गेलो कारण माझ्या आईला त्यांच्यामुळे संध्याकाळचं फिरणं सोडावं लागलं. काठी घेऊनही ती निघत नाही. तुम्हाला हे बोलायला सोपं आहे.

रामबागकर: मूळ मुद्द्यावर या हो! त्या पोस्टवर मी चिडलो त्याचं कारण वेगळं आहे. नात्यातल्या एका घरी लॅब्राडोरची मान सतत उजवीकडे कलायला लागली. सगळे फोटो काढत राहिले. कानाला वास येत होता, चालताना तोल जायचा, बुबुळं आपोआप थरथरायची. डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं, संसर्ग आतपर्यंत गेला होता. बोलल्यावर मान कलते आणि क्षणात सरळ होते, ते वेगळं. तशीच राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

महूवाले काका: यात एक भर. म्हाताऱ्या कुत्र्यांत असं अचानक होतं तेव्हा घरचे लकवा समजून आशा सोडतात. पुष्कळदा तो तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि काही आठवड्यांत बराच उतरतो. दाखवायला मात्र हवंच.

मोतीची आई: आत्ता मोतीचे दोन्ही कान उलटून पाहिले. आतून गुलाबी, स्वच्छ, वास नाही. बोलणं संपलं की त्याची मान सरळ होते. कानाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, तेवढंच. आणि "निजलात का"ही म्हणून पाहिलं. डावीकडे मान टाकली, पण जागचा हलला नाही.

रामबागकर: साहेब घरातच होते ना?

मोतीची आई: समोरच बसलेत. म्हणून काय झालं?

सुदामानगरकर: रविवारी सकाळी बागेच्या मागच्या भिंतीशी येतो. जागा तिथे ठरत असेल तर सही करीन. आमच्या फाटकापासून लांब असेल तरच.

दूध-पोळीवाली: येते. आईंनाही आणा, कुठली वाट मोकळी हवी ते त्यांनाच सांगू दे.